देश वाटून देऊ नका, जिन्नस वाटून द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर हल्ली 'देशोदेशींची संस्कृती' असा उपक्रम केलेल्या शाळांची छायाचित्रे वरचेवर दिसतात. किमोनो घातलेली मुलगी, डोक्याला पिसे खोवलेला मुलगा, मागे फ्लेक्स. उपक्रम मुळात चांगलाच आहे. पहिलीपासून आठवीपर्यंत अख्खी शाळा एकाच विषयाला लागते, असे क्वचितच घडते. पण त्याची आखणी बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत चुकते. तिसरीला जपान, चौथीला ब्राझील, पाचवीला 'आफ्रिका', असे देश वाटले जातात. मग मोबाइलवरून राजधानी, चलन, लोकसंख्या उतरवायची, आईबापांनी पोशाख भाड्याने आणायचा आणि दुपारी साडेतीनला सगळे आवरायचे. एखाद्या मुलाला दुसरा प्रश्न विचारला की तो बाईंकडे बघतो.

आफ्रिका हा देश नाही, त्या खंडात 54 देश आहेत, हे तर झालेच. पण 1610 मध्ये खडकी वसवून आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच मराठवाड्यात पोरांच्या तोंडाला काजळ फासायचे आणि त्याला आफ्रिका म्हणायचे, याला काय म्हणावे?

आमचे म्हणणे एवढेच आहे की वर्गांना देश न देता जिन्नस द्यावेत. ज्वारी, मका, मिरची, सोयाबीन, कापड, नाहीतर एखादा शब्द. जिन्नस घरातलाच असतो, त्यामुळे मूल रिकाम्या हाताने येत नाही. त्याचा माग काढत गेले की देश आपोआप येतो, आणि तो का आला हेही मुलाला ठाऊक असते.

सुरुवात पहिली-दुसरीने स्वयंपाकघरातून करावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोच्या बाजूची, जिरे पश्चिम आशिया-भूमध्य समुद्राकडचे. आपले म्हणून उरते तूप आणि मीठ. हे ऐकून घरोघरच्या आज्या भांडायला शाळेत येतील. येऊ द्या. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात येण्याआधी तिखटाला मिरी आणि पिंपळी होती, हा विषय त्यांच्याशी बोलायलाच चांगला.

इथे नावांचे सापळे आहेत. सीताफळाच्या नावात सीता आहे, बालाघाटाचा डोंगर त्याने भरलेला आहे, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ अमेरिका खंडात मानतात. जालन्याच्या मोसंबीचे नाव मोझांबिकवरून पडले असे सांगतात, पण गोड संत्रावर्गीय फळांचे मूळ चीनच्या बाजूला आहे. म्हणून वहीत तीन रकाने आखावेत: जिन्नस, मूळ, आणि 'कसे कळले'. तिसरा रकाना कोरा असेल तर पहिले दोन धरू नयेत. 'आजीने सांगितले' हे उत्तर चालेल, 'गुगलने सांगितले' हेही चालेल, पण ते तसे लिहिलेले हवे. मग दोघांपैकी कोण चुकले हे तपासता येते.

तिसरी-चौथीला शब्द द्यावेत. हजेरी, कागद, खुर्ची, अर्ज हे फारसी-अरबी वाटेने आलेले. दप्तर तर फारसीतही ग्रीकमधून आले, आणि ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ कातडे. बटाटा, पाव, घमेले, लिलाव पोर्तुगीज. रिक्षा जपानी. पायाने तुडवतात म्हणून पाव, असे निदान एक मूल तरी छातीठोकपणे सांगणारच. अशा वेळी मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश उपयोगी पडतो. त्यात शब्दापुढे मूळ भाषेची खूण असते आणि तो इंटरनेटवर फुकट आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या शाळांकडे याहून मोठे घबाड आहे. 1948 पूर्वीच्या दाखल-खारीज रजिस्टरात उर्दू नोंदी आणि फसली सन, म्हणजे निजाम सरकारची कालगणना, सापडतो. महिने असतात आजूर, खुर्दाद, तीर, आबान. हेच महिने इराणच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आजही आहेत. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचे, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला 590 आणि जानेवारीनंतरच्या तारखेला 591 मिळवले की इसवी सन येतो. मुक्तिसंग्राम दिन, 17 सप्टेंबर 1948, हा 1357 फसलीतला. मूळ रजिस्टर मात्र मुलांच्या हाती देऊ नये. पाने ठिसूळ असतात आणि त्या नोंदींना आज कागदपत्र म्हणून मोल आहे. मुख्याध्यापकांनी एका पानाचा फोटो काढून, नावे झाकून द्यावा.

नकाशा पाचवीने आखायचा, पण वापरायचा सगळ्यांनी. मैदानावर 10 अंशाला 50 सेंटिमीटर धरले की 360 रेखांशांना 18 मीटर लागतात. उत्तरेला 80 अंशांपासून दक्षिणेला 60 अंशांपर्यंत घेतले की उंची 7 मीटर. अंटार्क्टिका गळते, ते मुलांना सांगून टाकावे. मैदान लहान असेल तर सिमेंटच्या जागेवर 25 सेंटिमीटरने 9 बाय साडेतीन मीटरमध्ये बसते. सगळ्या रेषांना एकदम सुतळी बांधायची म्हटली तर मोठ्या नकाशाला पाचशे मीटरच्या वर लागते. दोनच दोऱ्या सरकवत न्याव्यात आणि दर छेदावर फक्कीचा ठिपका टाकावा. पहिला कोपरा 3, 4 आणि 5 मीटरच्या दोरीने काटकोनात घ्यावा. तो नजरेने घेतला की शेवटी दक्षिण अमेरिका शाळेच्या कुंपणात जाते आणि मग पहिल्यापासून पुसावे लागते.

किनारे काढताना आधी चौकोन मोजून ठिपके, मग रेषा. खंड अंदाजाने काढायला चित्रकला चांगली असलेल्या मुलाला पुढे करू नये. तो भारत मोठा काढतो. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्यावी, कारण परदेशी संकेतस्थळांवरून छापलेल्या चित्रांत जम्मू-काश्मीर हमखास वेगळे असते. अशा चौकोनी नकाशात उत्तरेकडचे प्रदेश रुंदीला फुगतात, म्हणून शेजारी पृथ्वीचा गोल ठेवावा. ग्रीनलँड कितीही मोठे दिसले तरी आफ्रिका त्याच्या 14 पट आहे.

या नकाशावर परभणीला उभे राहून पश्चिमेला तीच रेष धरली तर पावणेनऊ मीटरवर मेक्सिको सिटी लागते. परभणीचा अक्षांश 19.3, मेक्सिको सिटीचा 19.4. आपला परिपाठ सकाळी दहाला सुरू होतो तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मका आणि मिरची ज्याच्या वाट्याला आली आहेत त्या वर्गाने याच रेषेवरून पुढे जावे.

'मेक्सिकोचे खाद्य' म्हणून मैद्याच्या पोळीत शेव घालून देणे सोपे आहे, आणि निरर्थक. तिथली मक्याची भाकरी थापताना का फुटत नाही, हे करून बघण्यासारखे आहे. 1 किलो वाळका मका, 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना. पानाच्या टपरीवरचा ओला चुना असेल तर 20 ग्रॅम. भिंतीला मारायचा चुना नको. मंद आचेवर 30 ते 45 मिनिटे शिजवून झाकून रात्रभर ठेवावा. सकाळी साले हाताला निसटून येतात. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावा, पाट्यावर किंवा मिक्सरवर थोड्या पाण्यात वाटावा, आणि दुधाच्या धुतलेल्या दोन पिशव्यांमध्ये गोळा ठेवून थापावा. तवा चांगला तापलेला हवा. चुलीजवळ आणि चुन्याजवळ मोठ्यांनीच उभे राहावे, मुलांनी धुण्यापासून पुढे.

चुकते ते तीन ठिकाणी. शाळेचे खिचडीचे पातेले बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि चुना ॲल्युमिनियमला खातो, म्हणून स्टीलचे भांडे आणावे. दुसरे, कणसाचा गोड मका किंवा लाह्यांचा मका घेतला की पीठ नीट होत नाही. तिसरे सगळ्यात गंभीर: घरात पेरणीचे उरलेले बियाणे असते, त्याला औषध लावलेले असते, रंग लाल-गुलाबी असतो. तो दाणा शाळेत येताच कामा नये. मका दुकानातून, खाण्याचा म्हणूनच घ्यावा आणि बुरशी निवडून काढावी.

त्याच दिवशी चुन्याशिवाय शिजवलेला वाटीभर मकाही वाटून बघावा. तो थापताना फुटतो. चुन्याने साल सैल होते, पीठ चिकट होते, आणि मक्यात अडकून बसलेले 'ब-3' जीवनसत्त्व अंगी लागते. मका युरोपात गेला तेव्हा ही चुन्याची रीत बरोबर गेली नाही. मक्यावरच पोट भरणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांत पेलाग्रा नावाचा आजार पसरला, पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही. आठवीच्या मुलाला 'संस्कृती' हा शब्द इथे जेवढा कळतो, तेवढा किमोनोने कळत नाही.

ज्वारीचा रस्ता उलट दिशेचा आहे. सुमारे 5000 वर्षांपूर्वी ती पूर्व सुदानच्या भागात पिकवायला लागले, आणि सुदानात आजही तिची 'किसरा' नावाची कागदासारखी पातळ, आंबवलेली पोळी करतात. 1 किलो ताज्या पिठाला दीड ते दोन लिटर पाणी, विरजणाला आदल्या दिवशीचे आंबलेले पीठ किंवा वाटीभर ताक. श्रावण-भाद्रपदात एका रात्रीत आंबते, थंडीत दीड दिवस घेते. पीठ शिळे असेल, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असेल, तर पोळी तव्यावरच फाटते. तशी वेळ आली तर किलोमागे मूठभर गव्हाचे पीठ घालावे, तिकडेही घालतात. ओतून पसरवताना हात थांबला की जाड होते. आंबील माहीत असलेल्या घरात याची चव परकी वाटणार नाही.

सातवीला तेर आणि पैठण. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे की भडोचपासून, म्हणजे गुजरातमधल्या आजच्या भरूचपासून, दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. आणि तगरहून साधे कापड नि मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. हे गणितच आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे 150 किलोमीटर, म्हणजे बैलगाडीची दिवसाची मजल 15. भडोच ते पैठण सुमारे 350, म्हणजे दिवसाला साडेसतरा. आकडे जुळतात. दिशा मात्र चुकली आहे: तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाची चूक मुलांनी स्वतः काढली तर त्यांना जो आनंद होतो, तो वेगळाच. सहल काढायचीच असेल तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात न्यावे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली आहे, आणि पाँपेई गाडले गेले इसवी सन 79 मध्ये.

गावातला कोणी आखातात कामाला असेल तर दहा मिनिटांचा फोन लावावा. दुबई आपल्या दीड तास मागे, सौदी अडीच तास; त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत लावावा. प्रश्न आधी लिहून काढावेत. पगार विचारू नये.

वेळेबद्दल आमचा आग्रह आहे. हा उपक्रम स्नेहसंमेलनाला जोडून डिसेंबरात घेतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले तेव्हा शाळेत नसतात. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि धाराशिवच्या कित्येक शाळांचा पट निम्म्यावर येतो. जग दाखवायचे आणि सगळ्यात लांबचा प्रवास करणारी पोरेच गैरहजर, असे होऊ नये. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून, पोळा आणि महालक्ष्म्यांच्या सुट्ट्या वजा जाता तीन आठवड्यांत संपवावा. पावसाची भीती नकाशालाच. उघडीप बघून तो एका दिवसात आखता येतो. खर्च हजार रुपयांच्या आत बसतो.

राहिली आठवी, तिच्याकडे सोयाबीन. मूळ चीनचे, आज सर्वांत जास्त पिकते ब्राझीलमध्ये, आणि सर्वांत मोठा गिऱ्हाईक पुन्हा चीनच. लातूरच्या आडतीवर भाव पडला की घरी काय होते हे या मुलांना सांगावे लागत नाही. तो अमेरिकेत शिकागोच्या वायदेबाजारात का पडला, हे कोणी सांगत नाही. तिथला भाव बुशेल या मापाला सेंटमध्ये असतो. सोयाबीनचे बुशेल 27.2 किलोचे, म्हणजे क्विंटलला 3.67 बुशेल. हजार सेंट भाव असेल तर क्विंटलला 36 डॉलर 70 सेंट, त्याला त्या दिवशीच्या रुपयाने गुणायचे. सेंटला डॉलर समजले की उत्तर शंभर पट येते आणि वर्गात क्षणभर सगळेच श्रीमंत होतात. हा हिशेब रोज फळ्यावर मांडायला मुले तयार होतील, पण वाडी-तांड्यावरच्या शाळेत नेट असतेच असे नाही, वर्तमानपत्र मात्र येते. आपण बाजारभावाच्या चौकटीत लातूरच्या सोयाबीनखाली शिकागोचा भाव आणि डॉलरचा दर, अशी एक ओळ आठवड्यातून निदान एकदा छापावी, ही विनंती.

आपले,
जिल्हा परिषद शाळांतील काही शिक्षक-शिक्षिका,
धाराशिव जिल्हा