मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यात बसवू नका: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे, नुकतीच दहा पूर्ण झाली. मागच्या महिन्यात शाळेत तपासणी झाली, कार्डावर उंची 132 सेंमी, वजन 36.5 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 21, आणि पुढे शेरा 'नॉर्मल'. मीही निर्धास्त झाले, 18.5 ते 25 च्या आतच आहे ना. मग आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी ते कार्ड बघितलं आणि म्हणाले, अहो हे मोठ्या माणसांचे आकडे आहेत, मुलांना लावतच नाहीत. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीचा बीएमआय 19 च्या वर गेला की ओव्हरवेट.

त्याच शाळेत माझा सात वर्षांचा भाचा, बीएमआय 15, त्याला 'अंडरवेट' लिहिलं. त्या वयाला 15 अगदी व्यवस्थित असतो, पण ताईने घाबरून त्याला रोज तूप-बदाम भरवायला सुरुवात केली.

साहेब, तक्ते नाहीत असं नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, म्हणजे मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेने, 2015 मध्येच आपल्या मुलांसाठी 5 ते 18 वर्षांचे काढलेत, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे, आणि ते करण्यात आपल्या पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. त्यातल्या ओव्हरवेट आणि लठ्ठपणाच्या दोन रेषा अठराव्या वर्षी 23 आणि 27 ला पोचतात, मोठ्यांच्या नेहमीच्या 25 आणि 30 ला नाही, कारण आपल्या लोकांना डायबेटीस, बीपी कमी बीएमआयलाच गाठतात. वयाच्या रांगेत बघायचं, पहिल्या रेषेच्या वर ओव्हरवेट, दुसरीच्या वर लठ्ठ, एवढं सोपं आहे.

मोजणीचंही बघा. भिंतीवर कागदी टेप चिकटवलेली, मुलं बूट घालूनच उभी. बुटाने उंची 3 सेंमी वाढली तरी माझ्या मुलीचा बीएमआय 21 चा 20 होतो, म्हणजे तक्ता बरोबर असूनही उत्तर चुकणार.

आणि वजन मोठ्याने ओरडून सांगत होते हो, सगळ्या वर्गासमोर. पोरं हसली. तेव्हापासून माझी मुलगी डब्यातली अर्धी पोळी परत आणते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम 2013 पासून शाळांत जातायत, माणसं आहेत, गाड्या आहेत. फक्त कार्डामागे वयाप्रमाणे तक्ता छापा, जन्मतारखेचा रकाना ठेवा, बूट काढायला लावा, आणि आकडा बंद पाकिटातून आईबापांना द्या. नवीन कार्डं छापायला जाण्याआधी एवढं करा.

आपली,
पाचवीतल्या मुलीची आई