राणीच्या बागेतील निविदेत मुळांसाठीही अटी हव्यात

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

२०१६ मध्ये पेंग्विन आले आणि भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाची, म्हणजेच राणीच्या बागेची चर्चा त्यांच्याभोवतीच फिरू लागली. ही बाग मुळात झाडांची. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने उभारलेली, १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झालेली, १८७३ पासून पालिकेकडे असलेली. प्राणी आले १८९० मध्ये. उर्वशी, गोरखचिंच, कैलासपती ही झाडे इथली खरी जुनी मंडळी आहेत. बांधकामाच्या नकाशात मात्र ती बहुधा फक्त ठिपके असतात.

झाडाला पाणी पुरवणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यामुळे बुंध्याभोवती चौकोन सोडून बाकी फरसबंदी केली की झाड वाचले, हा हिशेब चुकतो. रोलरने माती दबते, हवा आत जात नाही. केबलचा चर जेसीबीने खणला की मुळांच्या चिंध्या होतात आणि तिथून बुरशी शिरते. पालवी काही वर्षे हिरवीच दिसते. मग जूनच्या वाऱ्यात झाड आडवे होते आणि दोष वाऱ्याला जातो. याहून वाईट म्हणजे बुंध्याशी टाकलेला भराव. तो दिसतो नीटनेटका, पण खाली साल सतत ओली राहून कुजते.

म्हणून बागेतील बांधकामाच्या निविदेत या अटी हव्यात. काम सुरू होण्याआधी फांद्यांच्या घेरापर्यंत पत्र्याचे कुंपण घालावे; आत ना वाळू-खडी, ना सिमेंट कालवणे. चर घेराबाहेरून न्यावा. ते अशक्यच असेल तर कुदळ-फावड्याने खणावा, आडवे आलेले जाड मूळ न तोडता नळी त्याखालून सरकवावी. पायवाटेला काँक्रीटऐवजी वाळूवर बसवलेले, सांधे मोकळे ठेवलेले दगड चालतील. पालापाचोळा झाडून नेऊ नये. तीन-चार इंच थर मुळांवर पसरावा, बुंध्यापासून वीतभर दूर. जाड फांदी आधी खालून, मग वरून कापावी, नाहीतर सालपट खोडापर्यंत सोलत जाते.

या कामांना दरपत्रकात स्वतंत्र बाब हवी. पैसे नसलेली अट ठेकेदार का पाळील? आणि घेरात खणले असेल, तिथे त्याची अनामत निदान दोन पावसाळे रोखून ठेवावी.

आपले,
मुंबईतील वृक्षसंवर्धनाचे काम करणारे नागरिक