मंत्र्याचं वे-बिल कोण तपासणार?

मा. संपादक साहेब,
नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एकांचं पत्र होतं. मंत्री पण माणूसच आहे, त्याने घड्याळ कुठलं घातलं, मोबाईलवर काय बघितलं, सीटबेल्ट लावला की नाही असल्या फालतू गोष्टी उकरत बसू नका, त्यापेक्षा रस्ते बघा, पाणी बघा, असं त्यांचं म्हणणं. रस्त्याचं पटलं. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात एकदा फिरून या म्हणजे ते कुणालाही पटेल. पण बाकीचं काही पचनी पडलं नाही म्हणून हे लिहायला घेतलंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सरकारी बसवर कंडक्टर होतो, आता रिटायर. आमच्याकडे काय असतंय सांगतो. ड्युटीवर चढायच्या आधी स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचं, दोनशे असले तर दोनशे, वीस असले तर वीस. मग नंदगडच्या पुढं कुठल्यातरी फाट्यावर चेकिंगची जीप उभी असते, दोघंजण चढतात, एकजण मागच्या सीटपासून तिकिटं बघत पुढं येतो आणि दुसरा मशीन हातातून काढून घेऊन रिपोर्ट मारतो आणि म्हणतो बॅग ओता. सीटवर बॅग ओतायची. चिल्लर वेगळी, दहाच्या नोटा वेगळ्या, चिकटपट्टी लावलेल्या वेगळ्या. गाडीतली बाया-माणसं, हायस्कूलची पोरं सगळी टकामका बघत असतात, त्यातला एखादा ओळखीचा निघतो तो मुद्दाम खिडकीतून बाहेर बघतो. पैसे कमी भरले तर खिशातून घाला, जास्त भरले तर सांगा कुठनं आले, म्हणजे तिकीट न फाडता पैसे घेतले असंच धरून चालतात. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना फुकट प्रवास झाला तरी झिरो तिकीट काढायचंच, ते राहिलं तर मेमो कंडक्टरला. रक्कम किती हे कोणी विचारत नाही. दहा रुपयाचा फरक असला तरी कागद डेपोला जातोच.

यात अन्याय आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पब्लिकचा पैसा हातात आहे तर कोणीतरी मोजणारच. माझं म्हणणं एवढंच की कंडक्टरच्या दहा रुपयाला जर छोटी गोष्ट म्हणत नाहीत तर मंत्र्याच्या वेळी ती छोटी कशी होते?

आता आपल्याच जिल्ह्याची गोष्ट घ्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये बेंगळूरच्या विधानसभेत कामकाज चालू असताना मंत्री मोबाईलवर अश्लील क्लिप बघताना टीव्हीच्या कॅमेऱ्यात सापडले ते आठवत असेल सगळ्यांना. अथणीचे लक्ष्मण सवदी, नरगुंदचे सी. सी. पाटील आणि ज्यांचा मोबाईल होता ते कृष्णा पालेमार. पाटलांकडे खातं कुठलं तर महिला आणि बालकल्याण! सवदी म्हणाले रेव्ह पार्टीचे दुष्परिणाम समजावेत म्हणून बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिघांचे राजीनामे, देशभर हसं झालं. तेव्हा आमच्या डेपोत पण दोन पार्टी पडल्या होत्या, एक म्हणे घरी बघितलं असतं तर कोण विचारणार होतं, काय मोठा गुन्हा केला. बरोबर आहे की, घरी बघितलं असतं तर कोणी विचारलं नसतं आणि विचारूही नये. पण सभागृहात बसायचा पगार आणि भत्ता आपण देतो, ती ड्युटी आहे. ड्युटीवर कंडक्टर मोबाईल बघत बसला आणि कोणी व्हिडिओ काढला तर संध्याकाळपर्यंत सस्पेंड.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या पुढचं. ऑगस्ट २०१९ मध्ये येडियुरप्पांच्या मंत्रिमंडळात सवदी परत आले आणि कसे आले तर थेट उपमुख्यमंत्री म्हणून. २०१८ ची निवडणूक हरलेले, दोन्हीपैकी कुठल्याच सभागृहाचे मेंबर नव्हते, पुढं फेब्रुवारी २०२० ला विधान परिषदेवर गेले. आणि खातं कुठलं मिळालं? ट्रान्सपोर्ट! आमचं खातं. सी. सी. पाटील पण त्याच वेळी परत मंत्री झाले. मग एप्रिल २०२१ मध्ये सहाव्या वेतन आयोगाच्या पगारासाठी बस कामगारांनी संप केला, दोन आठवडे गाड्या बंद होत्या, तेव्हा किती जणांना सस्पेंड केलं, डिसमिस केलं, कुठच्या कुठं बदल्या केल्या, ते ज्यांच्या घरात झालं त्यांना विचारा. मी म्हणत नाही की सवदींनी जन्मभर घरी बसावं, अथणीच्या लोकांनी २०२३ ला त्यांना काँग्रेसकडून निवडून दिलं, तो लोकांचा हक्क आहे. पण बघा म्हणजे, एका दिवसात राजीनामा आणि सात वर्षांनी प्रमोशन, याला शिक्षा म्हणायचं की काय म्हणायचं. मधल्यामधे हिशेब कुठं झालाच नाही.

आपल्याकडे हीच गोम आहे. मंत्र्याच्या छोट्या चुकीला छोटी शिक्षाच नाही. एकतर डायरेक्ट राजीनामा मागतात, आठ दिवस टीव्हीवर धुरळा, नाहीतर काहीच नाही. आणि राजीनामा फारच मोठा होतो म्हणून मग सगळ्यांना वाटतं जाऊ दे, एवढ्याशा गोष्टीला कशाला.

सिद्धरामय्यांच्या घड्याळाचं पण तेच झालं. २०१६ ला जनता दलाच्या कुमारस्वामींनी काढलं की मुख्यमंत्र्यांच्या हातात हुब्लो कंपनीचं सत्तर लाखाचं घड्याळ आहे. दुबईच्या एका डॉक्टर मित्राने भेट दिलेलं निघालं. किमतीवरून वाद झाला, सेकंडहँड आहे म्हणाले, आणि शेवटी मार्चमध्ये ते घड्याळ सभापतींकडे देऊन टाकलं, सरकारी मालमत्ता म्हणून. आता केंद्राच्या गृहखात्याची मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की जवळच्या नातेवाइकांशिवाय कुणाकडनं किमती भेट घ्यायची नाही, आणि ती राज्यातल्या मंत्र्यांना पण लागू आहे. मग घड्याळ मिळालं त्याच दिवशी जमा केलं असतं तर ही एका ओळीची बातमी होती. अधिवेशनाचे तास वाया गेले ते घड्याळापायी नाही, लवकर सांगितलं नाही त्यापायी. आणि २०२५ च्या डिसेंबरात आपल्या बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्णसौधात (विधानसभेची इकडची इमारत) अधिवेशन तोंडावर आलेलं असताना परत घड्याळ! ह्या वेळी मुख्यमंत्री सिद्धरामय्या आणि उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार दोघांच्या हातात कार्टिये कंपनीचं महागडं घड्याळ. शिवकुमारांनी सांगितलं माझ्या पैशाने घेतलंय आणि डिक्लेअर पण केलंय. ठीक आहे, डिक्लेअर केलं असेल तर विषय संपला, स्वतःच्या पैशाने सोन्याचा घोडा घ्या, पण आमच्याकडे ऊसदराचा प्रश्न नुकताच पेटून गेलेला असताना चर्चा मनगटाची, हे काही बरं वाटलं नाही.

सीटबेल्टचं तर फारच सोपं आहे. २०२५ मध्येच बाहेर आलं की मुख्यमंत्र्यांच्या सरकारी गाडीवर कॅमेऱ्याने सात वेळा दंड लावलाय, त्यातले सहा पुढच्या सीटचा बेल्ट न लावल्याचे. दंड भरला, तोही ५० टक्के सवलतीची स्कीम चालू होती तेव्हा. स्कीम सगळ्यांनाच होती म्हणा, माझ्या पुतण्याने पण हेल्मेटचे दंड त्यातच फेडले. पण सहा वेळा म्हणजे विसरणं नव्हे हो, सवय आहे. बेळगावात आरपीडी कॉर्नरला पोलीस कॉलेजच्या पोराला बाजूला घेऊन हेल्मेट कुठं म्हणून पाचशेची पावती फाडतो, त्या पोराला पण माहीत असतं की पावती फाडली की विषय संपला, पोराचा कोणी राजीनामा मागत नाही. इंग्लंडात ऋषी सुनक पंतप्रधान असताना जानेवारी २०२३ मध्ये चालत्या गाडीत बेल्ट काढून व्हिडिओ केला, तिथल्या पोलिसांनी सरळ दंड लावला, त्यांनी माफी मागितली, झालं. सरकार पडलं नाही आणि पोलिसाची बदली पण झाली नाही. आपल्याकडे चौकात उभा असलेला पोलीस मंत्र्याच्या गाडीला हात करेल काय? म्हणून कॅमेरा बरा, त्याला प्रोटोकॉल कळत नाही.

आता उगाच कर्नाटकालाच नावं ठेवतो असं नको, आम्ही सीमाभागातले लोक दोन्हीकडचा टीव्ही बघतो त्यामुळं दोन्हीकडची करमणूक आहे. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रम्मी खेळताना व्हिडिओत दिसले, ते म्हणाले जाहिरात आली होती ती स्किप करत होतो. तेव्हा ते कृषिमंत्री. महिनाअखेर कृषी काढून घेतलं आणि क्रीडा दिलं (रम्मीवाल्याला क्रीडा, हे कोणाच्या डोक्यातनं निघालं त्याला खरंच मानलं). पण लोक एक गोष्ट विसरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या कोर्टाने त्यांना १९९५ च्या प्रकरणात, मुख्यमंत्री कोट्यातले फ्लॅट घेण्यासाठी खोटी कागदपत्रं दिली म्हणून, दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. तेव्हा शिक्षेला स्थगिती मिळाली आणि कृषिखातं जागच्या जागी. शिक्षेने खातं गेलं नाही, रम्मीने गेलं! डिसेंबरात सेशन कोर्टाने शिक्षा कायम केली तेव्हा कुठं मंत्रिपद सुटलं, पुढं वरच्या कोर्टात काय व्हायचं ते होईल. पत्रलेखक म्हणतात छोट्या गोष्टींमुळं मोठ्या झाकल्या जातात, ते इथं खरंच झालं हे मान्य करायला पाहिजे. पण त्याचा दोष व्हिडिओ काढणाऱ्याला कसा द्यायचा, फेब्रुवारीत गप्प बसलेल्यांना द्या की.

आणि एक गोष्ट मात्र मी पत्रलेखकांच्या बाजूने बोलणार. घरातलं घरात राहू द्या. मंत्र्याची पोरगी कुणाबरोबर लग्न करते, नवरा-बायकोचं पटतं की नाही, रात्री घरी बसून दोन पेग मारतो की नाही, याच्याशी माझं काही देणंघेणं नाही, आणि त्यावर दिवसभर ब्रेकिंग न्यूज लावणारी कन्नड चॅनेलं बघून डोकं उठतं. खाजगी गोष्टी शोधून काढायचा धंदा झालाय हे आता विधानसभेतच बोलून झालं. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे सहकारमंत्री राजण्णा उभे राहून म्हणाले की ४८ जणांच्या सीडी-पेनड्राइव्ह बाहेर आहेत, त्यात सगळ्या पार्टीचे लोक. ही चौकशी नव्हे, ही खंडणी. पण त्याची दुसरी बाजू बघा, मार्च २०२१ मध्ये राज्यातल्या सहा मंत्र्यांनी बेंगळूरच्या कोर्टात जाऊन आधीच मनाई आणली की आमच्याबद्दल बदनामीकारक काही दाखवायचं नाही छापायचं नाही. छापायच्या आधीच! मी असा कागद आणला असता की फाट्यावर माझी बॅग उघडायची नाही, तर डेपो मॅनेजरने हारच घातला असता.

मग रेघ कुठं मारायची म्हणाल तर मला तरी अवघड वाटत नाही. सरकारी गाडी, सरकारी वेळ, सरकारी पैसा, आणि जो कायदा आम्हाला लागू आहे तो. ह्यात जे येतं ते विचारायचं, एक रुपयाचं असलं तरी. बाकी सोडायचं.

विचारायचं कोणी, हा खरा घोळ आहे. त्या आचारसंहितेत राज्यातल्या मंत्र्यावर लक्ष ठेवायचं काम मुख्यमंत्र्याला दिलंय, आणि मुख्यमंत्र्यावर लक्ष ठेवायचं पंतप्रधान आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना. म्हणजे आपल्या पार्टीचा असला तर पांघरूण घालणार आणि दुसऱ्या पार्टीचा असला तर फासावर चढवायला निघणार. माझी बॅग माझ्याच ड्रायव्हरने तपासली असती तर कधी मेमो झाला असता काय? त्यामानाने कर्नाटकाचा लोकायुक्त कायदा बरा आहे, त्यात आमदार-मंत्र्यांनी दरवर्षी ३० जूनच्या आत आपली आणि घरच्यांची मालमत्ता लिहून द्यायची असते, आणि सांगूनही दिली नाही तर नाव पेपरात छापायची सोय आहे. आमच्या वे-बिलावरचा खिशातला पैसा तो हाच. फक्त आमचा रोज तपासतात.

माझं मागणं फार नाही. लोकायुक्तांनीच दर सहा महिन्याला एक पान काढावं, कुठल्या मंत्र्याच्या गाडीवर किती दंड झाला आणि भरला की नाही, कुठली भेट आली आणि जमा केली की नाही, सभागृहात हजेरी किती. डिसेंबरात हलग्याला अधिवेशन भरतं तेव्हा पहिल्या दिवशी ते टेबलावर ठेवावं, आणि आमच्यासाठी त्याची मराठी प्रत पण द्यावी (ही मागणी केली की लगेच आम्हाला महाराष्ट्र एकीकरण समितीवाले म्हणतात, म्हणू देत). दंड असला तर पगारातनं कापा. राजीनामा नको, टीव्हीवर डिबेट नको.

त्या पानात महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा पण एक कॉलम असता तर मजा आली असती. सीमाप्रश्नासाठी नेमलेले चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावला येणार येणार म्हणून तारीख दिली, मग तारीख बदलली, मग आलेच नाहीत, आणि इकडं हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. त्याला गैरवर्तन म्हणता येत नाही हे मलाही कळतं. पण आमच्याकडे गाडी बोर्डावर लावून सुटली नाही तर ट्रिप कॅन्सल का झाली हे लेखी द्यावं लागतं.

पत्र फारच लांबलं साहेब. जागा कमी असेल तर रम्मीचं कापा, चेकिंगचं तेवढं ठेवा.

आपला,
एक रिटायर्ड कंडक्टर
ता. खानापूर, जि. बेळगाव