‘तू लावणी कर, ब्रेक मुलं करतील’

महोदय,

यंदा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात भाचीने ब्रेकिंगसाठी, म्हणजे ब्रेकडान्ससाठी, नाव दिलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या काकांनी तिला प्रेमानेच समजावलं, ‘बाळा, तू लावणी कर, छान दिसेल. ब्रेक मुलं करतीलच.’ लावणीबद्दल तक्रार नाही, तिला लागणारा दमसास नाचणारीच जाणे. पण पुढचं वाक्य मला लागलं. ‘ऑलिम्पिकमध्ये त्या बाईचं काय झालं, पाहिलंस ना?’

ती बाई म्हणजे ऑस्ट्रेलियाची रेचल गन. ९ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ती तिन्ही लढती हरली, एकाही पंचाचं मत तिला मिळालं नाही. तिच्या कांगारूउड्या घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. त्याच दिवशी सुवर्ण जिंकणारी जपानची आमी किंवा सतराव्या वर्षी रौप्य मिळवणारी लिथुआनियाची निका काकांना ठाऊक नव्हती. मलाही भाचीनेच सांगितलं. आणखी गंमत म्हणजे गनबाईंच्या पीएचडीचा विषयच मुळी सिडनीच्या ब्रेकिंगमधला स्त्री-पुरुष भेद हा आहे!

‘हा पुरुषांचा नाच’ म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जावं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ज्या पार्टीपासून हिपहॉपचा (ब्रेकिंग ज्यातून आलं त्या संगीत-नृत्याच्या संस्कृतीचा) जन्म मानतात, ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून ठेवली होती. गाणी वाजवायला तिचा भाऊ, म्हणजेच डीजे कूल हर्क. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. नाव मात्र भावाचंच झालं. (हे आपल्याकडेही फार वेगळं नसतं.)

‘ताकदीत मुली कमी पडतात’ हेही नेहमीचंच. पॅरिसमध्ये गुण पाच गोष्टींवर होते : तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःचं वेगळेपण. पाचांचं वजन सारखंच. डोक्यावर किती गिरक्या घेतल्या याचा वेगळा रकाना नव्हता.

रेड बुल बीसी वन ही ब्रेकिंगची मोठी स्पर्धा २००४ पासून आहे. तिच्या जागतिक अंतिम फेरीत मुलींचा वेगळा गट आला २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षी ती फेरी मुंबईत झाली आणि रशियाची कास्टेट जिंकली. वेगळा गट हवाच, असं माझं मत. भाचीला ते पटत नाही. तिला मुलांशी लढून जिंकायचंय. जपानची अयुमी २०१७ मध्ये मुलांच्याच फेरीत उतरली होती, हे ती मला दहादा ऐकवते.

पण खरी अडचण स्पर्धेच्या आधीची आहे. हा नाच क्लासमध्ये कमी आणि गोल करून एकमेकांचं बघत जास्त शिकला जातो. आमच्या पार्किंगमधला तो गोल रात्री नऊला रंगतो, आणि भाचीला आठला घरी यावं लागतं. तो नियम आमच्याच घरचा आहे, हे लिहिताना मला ओशाळल्यासारखं होतंय. मुलगे अकरापर्यंत घाम गाळतात आणि सहा महिन्यांनी आपण म्हणतो, बघा, मुलगेच पुढे.

भाचीने शेवटी ब्रेकच केलं. मंचावरचं कापड सरकत होतं, ती एकदा घसरली आणि त्या घसरण्यातूनच तिने फ्रीझ धरला, म्हणजे नाचता नाचता एका पोझमध्ये थिजली. पहिल्या रांगेतले काका उठून टाळ्या वाजवत म्हणाले, ‘मुलीच्या मानाने फारच छान!’

– एक वाचक, डोंबिवली