मेजर स्ट्रासरमागचा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या युद्धपटांवरच्या लेखात ‘कासाब्लांका’मधील मेजर स्ट्रासरच्या छायाचित्राखाली ‘चेहऱ्यानेच नाझी वाटणारा जर्मन नट’ एवढीच ओळ छापलेली पाहून वाईट वाटले. त्या नटाचे नाव कॉनराड फाइट. छायाचित्रात ज्या नाझींचा गणवेश फाइट यांच्या अंगावर दिसतो, त्या नाझींमुळेच त्यांना मायदेश सोडावा लागला होता.

फाइट यांचा जन्म १८९३ साली बर्लिनचा. नामवंत नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांच्या बर्लिनमधील डॉइचेस थिएटरमध्ये लहानसहान भूमिका करत ते तयार झाले. पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर कावीळ आणि न्यूमोनियाने आजारी पडल्यानंतर सैनिकांसाठीच्या नाटकांत ते उभे राहिले आणि १९१७ मध्ये पुन्हा बर्लिनच्या रंगभूमीवर आले. मूकपटांनी त्यांना जगभर नेले. त्यातही १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ने. त्यात झोपेत चालणारा सेझारे उभ्या पेटीत मिटल्या डोळ्यांनी उभा असतो. त्याला आपल्या हुकमतीत ठेवणाऱ्या डॉ. कॅलिगरीची हाक येते, चेहऱ्याचे स्नायू थरथरतात, पापण्या अगदी सावकाश वर जातात आणि मग ते डोळे इतके विस्फारतात की शंभर वर्षांनंतरही पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पुढे भिंतीला अंग घासत तो खून करायला येतो, सुरा उगारतो, आणि झोपलेल्या मुलीकडे पाहून त्याचा हात थांबतो. संवादाचा आधार नसताना ती घालमेल केवळ देहातून दाखवणारा हा रंगभूमीवर घडलेला नट होता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. ‘द मॅन हू लाफ्स’मध्ये (१९२८) तर ओठ कायमचे हसरे ताणलेले असल्यामुळे सारे दुःख त्यांनी डोळ्यांवर पेलले, ‘बॅटमॅन’मधील खलनायक जोकरचा प्रसिद्ध चेहरा त्यावरूनच सुचला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर कलावंतांकडून वंशाची माहिती लिहून घेतली जाऊ लागली. फाइट स्वतः ज्यू नव्हते, त्यांची पत्नी लिली ज्यू होती. तरीही त्यांनी आपल्या अर्जात ‘ज्यू’ असेच लिहिले आणि इंग्लंड गाठले. तेथे १९३४ साली त्यांनी ज्यूंवरील अन्यायाची बाजू मांडणाऱ्या ‘ज्यू स्यूस’ या चित्रपटात नायकाची भूमिका केली. नाझींनी १९४० मध्ये त्याच स्यूस या ऐतिहासिक ज्यू व्यक्तीवर स्वतःचा विखारी प्रचारपट काढला. त्यात अनेक ज्यू पात्रे रंगवली ती वेर्नर क्राउस यांनी, म्हणजे ‘कॅलिगरी’त फाइट यांच्या शेजारी डॉक्टर झालेल्या थोर नटाने! एकाच चित्रपटातील या दोघांनी पुढे धरलेल्या वाटा पाहिल्या की फाइट यांनी काय सोडले आणि का सोडले, हे लख्ख कळते. १९३९ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले आणि युद्धकाळात कमाईचा मोठा वाटा त्यांनी ब्रिटनच्या युद्धकार्याला दिला. आपल्या म्हैसूरच्या साबू या नटाबरोबर ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये खलनायक जाफर रंगवणारे ते हेच.

हॉलीवूडमध्ये नाझीची भूमिका करायची तर ती खलनायकाचीच असेल, असा त्यांचा आग्रह होता. ‘कासाब्लांका’तील कॅफेच्या प्रसंगात जर्मन अधिकारी गाऊ लागतात आणि सारा कॅफे फ्रेंच राष्ट्रगीताने त्यांचा आवाज बुडवतो. त्या गर्दीतले कित्येक कलावंत नाझींपासून पळून आलेले खरेखुरे निर्वासित होते, आणि ज्याच्यावर ते मात करतात तो मेजरही त्यांच्यातलाच एक होता. चित्रपट गाजू लागला असतानाच, ३ एप्रिल १९४३ रोजी, गोल्फ खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने फाइट गेले. वय अवघे पन्नास. हिटलरचा पाडाव त्यांना पाहायला मिळाला नाही.

आपण येत्या पुरवणीत दुरुस्ती म्हणून त्यांचे नाव आणि १९३३ च्या त्या अर्जाची हकिकत चार ओळींत छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे