चुकलेल्या नोंदीवरची आडवी रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत संगणकीय आरोग्यनोंदींवर आलेला लेख वाचला. कागदी फायली हरवतात, अक्षर लागत नाही, एकच तपासणी दोन ठिकाणी दोनदा होते, हे त्यातले सगळे मुद्दे मला पटले. मी ३१ वर्षे परिचारिका होते. रात्रपाळीला औषधाचं नाव तिघींनी मिळून वाचायचं आणि तरीही खात्री पटली नाही की डॉक्टरांना झोपेतून उठवायचं, हे मी असंख्य वेळा केलं आहे. दशांशचिन्ह पुसट उमटलं तर ०.५ मिलिग्रॅमचे ५ होतात. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळात कागदी केसपेपरचे ढीगच्या ढीग पाण्यात गेले, पण तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या नोंदी संगणकावर होत्या. दूरच्या गावी पांगलेल्या त्या रुग्णांची औषधं तिथल्या डॉक्टरांना उघडून पाहता आली. तेव्हा संगणक हवाच. माझं म्हणणं लेखात राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल आहे. नोंदच चुकली तर ती दुरुस्त कोणी करायची?

माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी जुलाब-उलट्यांनी रुग्णालयात दाखल करावं लागलं. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारा घटक) २.४ पर्यंत चढलं, सलाइन लावल्यावर आठवड्यात १.० वर आलं. मूत्रपिंडावर तात्पुरता ताण आला आणि गेला. पण डिस्चार्ज कार्ड तयार करताना पडद्यावरच्या यादीतून कोणीतरी शेजारची ओळ निवडली आणि निदान उमटलं: 'मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार'. हे निदान करायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो. इथे तो आठ दिवसही टिकला नव्हता. मी स्वतः या व्यवसायातली, पण वडील बरे होऊन घरी आले या आनंदात मीही ते कार्ड नीट वाचलं नाही, याची खंत आजही आहे.

पुढच्या वर्षी पोटात दुखू लागलं म्हणून त्यांना सीटी स्कॅन सांगितला. तिथल्या डॉक्टरांनी जुनी नोंद पाहून शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट टाळलं. स्कॅनमध्ये आतले अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून देतात ते हे औषध, पण दुबळ्या मूत्रपिंडाला ते बाधू शकतं. नोंद खरी असती तर त्यांची काळजी रास्तच होती, त्यांना दोष देणार नाही. पण स्कॅन अर्धवट राहिला, तोच पुन्हा करावा लागला, निदानाला अकरा दिवस उशीर झाला. दरम्यान मधुमेहाची चालू गोळीही त्याच नोंदीमुळे बंद केली गेली आणि साखर वाढली. मी चार वेळा नोंदी विभागात जाऊन ताजे रिपोर्ट दाखवले. उत्तर एकच: ज्यांनी नोंद केली ते डॉक्टर आता इथे नाहीत, आणि सिस्टीममध्ये आम्हाला ती बदलता येत नाही.

कागदाच्या काळात याची एक रीत होती, आणि ती आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात घोटून घेतली जायची. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. बाजूला 'चूक' लिहायचं, तारीख, वेळ, सही. खाडाखोड नाही, पांढरी शाई तर अजिबात नाही. चूक कुठे झाली, कोणी सुधारली, केव्हा, हे पुढच्या पाळीच्या सिस्टरला एका नजरेत कळायचं. संगणकाला हे जमत नाही असं मुळीच नाही. प्रत्येक नोंदीमागे कोणी, केव्हा, काय बदललं याचा माग ठेवणं ही त्याची सर्वांत सोपी कामं. प्रश्न आहे तो रेघ मारायचा अधिकार कोणाला आणि ती मारली गेल्यावर कोणाकोणाला दिसणार, याचा.

कारण कागदावरची चूक त्या एका फायलीत पडून राहायची. संगणकावरची चालायला लागते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयात डॉक्टरांच्या टिपणांची छाननी झाली होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टिपणांतला फक्त १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला निघाला. ४६ टक्के आधीच्या टिपणांतून उचललेला होता, बाकीचा इतर नोंदींतून आपोआप आलेला. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. राउंडला चाळीस रुग्ण असले की कालचं टिपण आज पुढे ओढलं जातंच, आणि त्याबरोबर कालची चूकही येते. पाच ठिकाणी तेच लिहिलेलं दिसलं की सहाव्या डॉक्टरला ते पाच वेगवेगळ्या जणांचं मत वाटतं, मुळात ते एकाच्याच बोटाची चूक असते.

डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली केसपेपर समस्यांच्या यादीभोवती रचायची पद्धत मांडली. आजच्या बहुतेक प्रणालींचा सांगाडा तिथूनच येतो. त्या यादीत चालू तक्रारी वेगळ्या आणि संपलेल्या वेगळ्या ठेवायच्या असतात. आपण यादी घेतली, ती झाडून साफ ठेवायची शिस्त मात्र मागेच राहिली.

ही साफसफाई डॉक्टर-सिस्टरांवरच सोडली तर ती होणार नाही. त्यांचा निम्मा दिवस आधीच पडद्यापुढे जातो. चूक सर्वांत आधी ओळखू शकतो तो रुग्णच, कारण त्या देहात तो राहतो. २०१० साली अमेरिकेतल्या तीन आरोग्यसंस्थांनी डॉक्टरांची टिपणं रुग्णांना वाचायला खुली करून पाहिली. रुग्ण घाबरतील, प्रश्नांचा पूर येईल, अशी अनेक डॉक्टरांना भीती होती. तसं झालं नाही. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टिपणं वाचणाऱ्या सुमारे २३ हजार रुग्णांपैकी पाचातल्या एकाने चूक आढळल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक जणांना ती गंभीर वाटली. एस्टोनियात तर आपली नोंद कोणी उघडून पाहिली हेही रुग्णाला दिसतं.

दुरुस्तीचा हक्कही कुठेच नाही असं नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातलं कलम १६ याच हक्काचं आहे. अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या नियमांनुसार रुग्णाच्या दुरुस्तीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणखी मुदत घ्यायची तर कारण लेखी कळवून, तेही एकदाच ३० दिवसांची. अर्ज नाकारला तर रुग्णाला आपलं लेखी म्हणणं त्या नोंदीला जोडून ठेवता येतं. मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. रुग्ण सोयीची नोंद ठेवतील, दारू-तंबाखूच्या नोंदी पुसून टाकतील, असं माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मला ऐकवलं आहे. पण पुसायला कोण मागतं आहे? मूळ अक्षर खाली वाचता येऊ दे. वर रेघ, शेजारी कारण, आणि पटलं नसेल तर दोघांचंही म्हणणं शेजारी शेजारी.

जिथे कुठे अशा प्रणाली उभ्या राहत आहेत तिथल्या जबाबदार मंडळींनी दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून बसवाव्यात. रुग्णाला आपली पूर्ण नोंद वाचता यावी आणि तिथूनच शंका नोंदवता यावी. त्या शंकेचं उत्तर द्यायला नाव-पदासह एक माणूस नेमलेला असावा. दुसरं, चुकीची नोंद जिथे जिथे गेली असेल तिथे दुरुस्ती आपोआप पोचावी. प्रणाली एकमेकींशी जोडायला आज एचएल७ सारखी मानकं आहेत, त्यावरून रिपोर्ट आणि औषधं धावतात. दुरुस्तीही धावू शकते.

वडिलांची नोंद अखेर त्या रुग्णालयात बदलली गेली, चौदा महिन्यांनी, एका तरुण निवासी डॉक्टरने स्वतः वेळ काढून मनावर घेतलं म्हणून. जिथे त्यांचे डोळे तपासतो तिथल्या संगणकावर मात्र गेल्या महिन्यातही तेच जुनं निदान लाल अक्षरांत आलं. म्हणून वडील खिशात क्रिएटिनिनच्या सहा रिपोर्टांच्या प्रती घडी करून ठेवतात, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे आधी त्या उलगडतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका