मन्या, स्कूबाचा खर्च नीट समजून घे

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की मालवणला दीड-दोन हजारात स्कूबा होतो मग कोर्ससाठी तीस हजार कशाला घालवायचे, आणि नेमकी तुझी रेंज गेली. म्हटलं आता सगळं लिहूनच काढावं, कारण फोनवर अर्धवट सांगितलं की तू अर्धवटच धरून बसतोस.

तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे होतं ते ट्राय डाइव्ह. होडीतून नेतात, सूट चढवतात, तोंडाने श्वास कसा घ्यायचा ते थोडक्यात शिकवतात आणि मग गाईड मागून तुझं सिलेंडर धरून तुला खाली नेतो, थोड्या वेळाने वर आणतो. हवा किती उरली, किती खोल आलो, हे सगळं तोच बघतो, तू फक्त मासे बघायचे. मला ते मनापासून आवडतं आणि तू आधी तेच कर असंच मी म्हणेन, कारण कान दुखतात का, नाक बंद करून तोंडाने श्वास घेताना जीव घाबरतो का, हे दोन हजारात कळतं, तीस हजार भरून कळायला नको. फक्त सर्वात स्वस्त बोर्ड बघून चढू नकोस. एका गाईडकडे किती माणसं, तो पाण्यात पूर्ण वेळ आपल्याबरोबर असतो का, एवढं विचार आणि उत्तर सरळ आलं नाही तर दुसरीकडे जा.

कोर्स म्हणजे ओपन वॉटर. पॅडीचा किंवा एसएसआयचा, या डाइव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या संस्था, दोन्ही जगभर चालतात, त्यात डोकं घालवू नकोस. यात थिअरी असते, ती आता घरी बसून ऑनलाइन करता येते, मग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात सराव, आणि मग समुद्रात ४ डाइव्ह. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, सोडून परत शोधायचा, जोडीदाराची हवा संपली तर आपली द्यायची, हे सगळं स्वतःच्या हाताने करायला लावतात. मग कार्ड मिळतं आणि जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पोहण्याची अट म्हणजे २०० मीटर पोहणं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगणं. तू गावच्या विहिरीत मुटके मारणारा माणूस, तुला तरंगणं काय अवघड, पण सलग २०० मीटर जरा पूलमध्ये जाऊन बघून ये, विहिरीत ते कळत नाही.

फी सध्या अंदमानात साधारण २८ ते ३५ हजार, गोव्यात कधी थोडी कमी. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे तिथेही कोर्स होतात, आपल्याला जवळ म्हणून तिथेही विचारून ठेव. फीमध्ये काय-काय धरलंय ते मात्र खोदून विचार. जीएसटी, ऑनलाइन थिअरीचे पैसे, कार्डाचे पैसे, गिअरचं भाडं, बोट. दोन ठिकाणच्या फीमध्ये पाच हजारांचा फरक दिसतो तो बऱ्याचदा इथेच असतो. आणि बॅचमध्ये किती जण हे विचार, पॅडीच्या नियमाने समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ८ शिकणारे चालतात पण मी तर म्हणतो चारच्या वर असतील तर नकोच, तिथे दोन-तीन हजार जास्त गेले तरी जाऊ देत. घाबरल्यावर समोर आपल्याकडेच बघणारा माणूस असणं याला किंमत आहे.

आता खरा खर्च. अंदमान धरलं तर पुण्याहून किंवा मुंबईहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, जाऊन-येऊन विमान १५ ते २५ हजार, सीझनला त्याहून वर. मग तिथून हॅवलॉक बेटावर फेरीबोट, दोन्ही वेळचे मिळून तीन-चार हजार. चार-पाच रात्री राहणं, जेवण. म्हणजे कोर्सच्या फीएवढाच किंवा जास्तच खर्च पोहोचण्यात आणि राहण्यात जातो. आणि यात एक रात्र अशी असते जी बहुतेक लोक बजेटमध्ये धरतच नाहीत. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. खाली दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, सलग काही दिवस केले असतील तर किमान १८ तास थांबायचं. म्हणजे एक पूर्ण दिवस कोरडा, त्याचं हॉटेल, त्याचं जेवण. आणि तू म्हणशील मालवणहून तर गाडीने येऊ, विमान कुठे आलं, तर आंबोली घाट जवळपास ७०० मीटरवर आहे बाबा, कोर्सचे डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढायचा नाही, तिथेही रात्र काढायची. मासे खा, झोप, सकाळी निघ.

डॉक्टरचं आधी कर, फी भरायच्या आधी. कोर्सला मेडिकल फॉर्म भरून घेतात, दमा, कानाचं ऑपरेशन, सायनस, हार्ट, बीपी असं सगळं विचारतात, कुठे हो आलं तर डॉक्टरची सही लागते. तुला लहानपणी दम लागायचा ते मला आठवतंय, ते लपवू नकोस, फुप्फुसांच्या डॉक्टरला दाखव, हजार-दोन हजार जातील. साधी सर्दी झाली तरी कान मोकळे होत नाहीत आणि डाइव्ह रद्द करावा लागतो, म्हणून एक दिवस हातचा ठेवून जा. आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात बरेचदा, तेही बघ. डायव्हरचा वेगळा इन्शुरन्स मिळतो, रिकॉम्प्रेशन चेंबरची, म्हणजे ते बुडबुडे विरघळवायला दाबाच्या खोलीत ठेवायची, वेळ आली तर ते बिल आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च आपल्या खिशातून झेपणारा नसतो. इथे काटकसर करायची नाही.

गिअर मात्र सुरुवातीला काहीही घेऊ नकोस, फक्त मास्क घे. रेग्युलेटर तीस-चाळीस हजारांच्या पुढे, बीसीडी, म्हणजे पाण्यात वर-खाली राहायला हवा भरायचं जॅकेट, तेही तसंच, वर रेग्युलेटरची दरवर्षी सर्व्हिसिंग, आणि विमानात सामानाचे किलो. वर्षातून चार-सहा डाइव्ह करणाऱ्याला भाडंच परवडतं. मास्क तीन ते सहा हजारात चांगला येतो आणि तो दुकानात जाऊनच घ्यायचा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेव, नाकाने हलका श्वास आत ओढ, हात सोड. मास्क चिकटून राहिला तर तुझा, कडेने हवा आली तर समुद्रात पाणी येणार. तुझ्या मिशा आड येणार हे आत्ताच सांगतो, नाकाखाली जरा बारीक कराव्या लागतील. तुझ्या चष्म्याचा नंबर पण जास्त आहे, नंबरवाल्या काचा बसवून मिळतात, दोन-तीन हजार वर लागतात पण घे, एवढं खाली जाऊन सगळं धूसर बघायचं का? पुढे लागलंच तर दुसरी वस्तू डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे किती खोल, किती वेळ ते दाखवणारं मनगटावरचं यंत्र, वीस हजारांच्या आसपास सुरू होतो, पण तो आवड टिकली तर.

आणि मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की कार्डाला एक्स्पायरी नसते पण हाताची सवय जाते. वर्ष-दोन वर्षं पाण्यात गेलं नाही की रिफ्रेशर करायला लावतात, त्याचे पुन्हा पाच-सहा हजार. कोर्सनंतर साधे दोन डाइव्ह करायचे तरी अंदमानात सहा-सात हजार लागतात. त्यामुळे कोर्सचे पैसे आहेत का हे बघू नकोस, दरवर्षी एक ट्रिप निघेल का ते बघ. वर्षाला पस्तीस-चाळीस हजार बाजूला पडत असतील, घरच्यांना न दुखवता, तर बिनधास्त कर. नसतील तर मालवणचा ट्राय डाइव्ह आनंदाने कर आणि दोन वर्षं थांब, समुद्र कुठे जात नाही. हप्त्यावर तर अजिबात नको.

मी हे सगळं इतकं मोजून सांगतोय कारण मला तू यायला हवा आहेस. खाली एकट्याने जायचं नसतं, जोडीदार लागतोच, आणि एकटा गेलो की दरवेळी कुणातरी अनोळखी माणसाबरोबर बांधतात. तो चांगलाच असतो पण त्याच्या डोळ्यांवरून मला काही कळत नाही रे, तुझ्या कळेल. खाली पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो ना तो कुरुकुरु आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाजूच्याला हात लावून दाखवावंसं वाटलं आणि बाजूला होता तो आपला ओळखीचा नव्हता.

पावसाळ्यात मालवणला बंद असतं, ऑक्टोबरनंतर सुरू होतं. दिवाळीची गर्दी टाळून नोव्हेंबरच्या शेवटी जाऊ, कुडाळपर्यंत ट्रेनने, तिथून रिक्षा किंवा एसटी. मेडिकल फॉर्म तुला पाठवलाय, तो वहिनींसमोर बसून भर, तू दम्याचं खोटं लिहिशील म्हणून. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, मग मी तिकिटं काढतो.

तुझाच,
दादू